प्रकरण चौदावे : कुशाबाच्या नावाने

रविवारी डॉक्टर फोनमध्ये येणार म्हणून तांब्यांच्या घरात सकाळपासून लादी घासणं चाललं होतं. डॉक्टरला लादी दिसणार नव्हती. दिसणार होता पलंगावरचा म्हातारा, त्याच्या मानेतली डायलिसिसची नळी आणि मागची भिंत. पण कमळाबाईला कोण सांगणार? तिने लादी घासली, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ओल्या फडक्याने पुसली आणि नवऱ्याला, कुशाबाला, इस्त्रीचा सदरा घालायला लावला. नळी सदऱ्याच्या कॉलरमधून बाहेर लोंबत होती. ती झाकायला तिने वरून पंचा टाकला. सुनेने, प्रितीने, तो काढला.

"नळीच बघायचीय त्यांना, आई."

"मग सदरा कशाला घातला मी यांना?"

"तेच म्हणते मी."

नव्या टॉवरसाठी चाळ पाडल्यापासून हे कुटुंब भोईवाड्याजवळच्या ट्रान्झिटच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहत होतं. लिफ्ट होती. तिच्या मनात आलं की चालायची. आठवड्यातून तीनदा कुशाबाला मशीनवर न्यायचं, आणि लिफ्ट बंद असली की प्रिती एका हातात सासरा आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन उतरायची. दर मजल्यावर स्टूल टेकवायचं, म्हाताऱ्याला बसवायचं, दम घ्यायचा. एकदा तिने हे 'बाबांची तब्येत' नावाच्या ग्रुपवर लिहिलं. थोरल्या दिराने अंगठा पाठवला. नणंदेने जोडलेले हात पाठवले. काळजी फोनवरून करता येते हा शोध या घरात सगळ्यात आधी त्या दोघांना लागला होता.

प्रिती ही धाकट्या सम्यकची बायको. सम्यक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. स्वतःच्या पायाने रिक्षातून उतरून इस्पितळात शिरला होता. मग रोज फोनवर एक बाई सांगायची, पेशंट स्टेबल आहे. एका सकाळी तीच बाई म्हणाली, बॉडी घ्यायला या. मधल्या दिवसांत काय झालं, कुणी काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, ते आजपर्यंत कळलं नाही. त्यानंतर म्हाताऱ्याची किडनी गेली तेव्हा प्रितीने इस्पितळाचं अॅप फोनवर घेतलं आणि ठरवलं, या घरातला आणखी एक माणूस मी न विचारता जाऊ देणार नाही. सकाळचं वजन, दोन वेळचं प्रेशर, किती पाणी प्यायलं, किती लघवी झाली, सगळं ती त्यात भरायची. रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरच्या आधी ती वाचायची. म्हातारा झोपलेला असला तरी त्याचं पोटॅशियम तिला पाठ असायचं.

अक्षता, म्हणजे कुशाबाची मुलगी, कल्याणहून आली ती शहाळं घेऊन.

"ताई, शहाळं नाही चालत त्यांना. पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडतं."

"माझ्या बापाला मी विष आणीन का?"

"तसं म्हटलं का मी?"

"आता नारळाचं पाणीपण वाईट झालं. काय काय लिहून येतं त्या मोबाईलवर, देव जाणे." मग आपण कुणाच्या घरात बसलोय ते आठवून ती म्हणाली, "म्हणजे, कुणास ठाऊक."

हर्षवर्धन, थोरला, बँकेत हेड कॅशियर. त्याने ते शहाळं सोलून स्वतःच पिऊन टाकलं. वाया कशाला घालवायचं, म्हणाला. तो आणि अक्षता एकमेकांशी बोलत नव्हते. नव्या टॉवरमधला फ्लॅट बाबांच्या माघारी कुणाच्या नावावर, या एका प्रश्नावर बहीण-भावाचं बोलणं मागच्या वर्षी बंद पडलं होतं. आज दोघं एकाच सतरंजीवर एकमेकांकडे पाठ करून बसले होते आणि जे बोलायचं ते कमळाबाईमार्फत बोलत होते.

"आई, त्याला सांग पाय आवरून बस."

"आई, तिला सांग ही सतरंजी माझ्या पगारातून आलीय."

"सतरंजी सम्यकने आणलेली," कमळाबाई म्हणाली. हर्षवर्धनने पाय आवरले.

फोन वाजला. प्रितीने तो डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर डॉक्टर शेफाली आल्या. तरुण, थकलेल्या, एका हाताने काहीतरी खात होत्या.

"नमस्कार काका. अरे वा, आज सगळी फॅमिली. बरं, मुद्द्याचं सांगते. डाव्या हातातली नस बंद पडली, मानेतली नळी फार दिवस ठेवता येत नाही, इन्फेक्शन होतं. म्हणून उजव्या हातात कृत्रिम नस बसवायची. उद्या ॲडमिट, परवा सकाळी ऑपरेशन. तुमचा मेसेज वाचला काका. इतके पेशंट घाबरतात, तुम्ही किती छान लिहिलंत."

"काय लिहिलं मी?" कुशाबा म्हणाला.

डॉक्टरांना वाटलं म्हातारा कौतुक ऐकायला मागतोय. त्यांनी हसून वाचलं. "‘डॉक्टर, माझ्या मनाची तयारी झाली आहे. नवी नस लवकरात लवकर बसवावी. मला अजून नातवाचं लग्न बघायचं आहे.’"

"कुठल्या नातवाचं?"

हर्षवर्धनने मान खाली घातली. त्याचा मुलगा आजोबांना शेवटचा कधी भेटला ते कुणालाच आठवत नव्हतं.

"बाई," कुशाबा सावकाश म्हणाला, "हे मी लिहिलेलं नाय."

डॉक्टरांचा घास थांबला. "मग कोणी?"

खोटं बोलायला प्रितीला जागा होती. घरात आणखी चार माणसं होती, नेटवर्क खराब होतं, बटण दाबलं असतं तर फोन बंद झाला असता. ती म्हणाली, "मी, मॅडम."

"म्हणजे इतके दिवस मला जे मेसेज येतात, मळमळ कमी आहे, झोप लागते, पायाला सूज नाही..."

"ते सगळं खरं आहे मॅडम. विचारून, मोजून लिहिलंय."

"आणि तयारी?"

प्रितीने डब्याला टेकवलेला फोन उगाच सरळ केला. डॉक्टरांनी तिच्याकडे बघणं सोडलं. "काका, मला तुमच्याकडून ऐकायचंय. ऑपरेशन हवंय का तुम्हाला?"

"घरात बोलतो. मग कळवतो."

"संध्याकाळपर्यंत कळवा. तुम्ही स्वतः. मी ऑपरेशनची वेळ धरून ठेवलीय, दुसऱ्या पेशंटला नाही म्हटलंय. आणि प्रिती, हे बरोबर नाही केलंत तुम्ही. मी यांच्याशी बोलतेय असं समजून औषधं बदलत होते."

पडदा काळा झाला. मग त्यावर पाच चांदण्या उगवल्या आणि खाली अक्षरं आली : आजची भेट तुम्हाला कशी वाटली?

पहिली उठली ती अक्षता. वर्षभर भावाकडे न बघणारी ही बाई सरळ त्याच्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस दादा?"

"ऐकलं," हर्षवर्धन म्हणाला. बोलणं सुरू झालं. दोघांना एक माणूस मिळाला होता.

"बँकेत कुणी असं केलं ना, दुसऱ्याच्या नावाने लॉगिन, तर दुसऱ्या दिवशी सस्पेंड होतो तो."

"ही बँक नाही, दादा," प्रिती म्हणाली.

"कळतंय मला. अॅपमध्ये काळजी घेणाऱ्याचं वेगळं खातं असतं. ते का नाही घेतलंस?"

"घेत होते. नातं विचारलं त्यात. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, इतर. सून नव्हती." प्रितीचा आवाज चढला नाही. "मुलगा दाबू का मुलगी? दोघंही इथं नव्हतात. 'इतर' दाबलं तर म्हणे नात्याचा कागद जोडा. मग मी 'स्वतः' दाबलं. उलट्या मी काढते, रात्री पाय मी चेपते, स्टूल मी उचलते. मला वाटलं, स्वतःच आहे मी."

"बघ, किती छान बोलते," अक्षता म्हणाली. "लग्न बघायचंय म्हणे नातवाचं. खरं बोल की. टॉवरची चावी हातात पडेपर्यंत म्हातारा टिकायला पाहिजे ना तुला? बाबा गेले तर या घरात तू कोण? ना नवरा, ना मूल. दादा उद्या तुला बॅग भरायला सांगेल."

"मी असं कधी म्हटलेलं नाही," हर्षवर्धन म्हणाला.

"मला म्हणालायस तू."

"तेव्हा विषय वेगळा होता."

प्रितीने सासूकडे पाहिलं. रोज भाकरी थापताना दोघी एकमेकींच्या बाजूने असायच्या. कमळाबाई भिंतीकडे बघत होती. "मला तरी सांगायचंस," ती पुटपुटली. "मी काय परकी होते?"

अक्षताचं घराबद्दलचं बोलणं प्रितीला लागलं ते खोटं होतं म्हणून नव्हे. तिनेही तो विचार केला होता. नळी धुताना, औषधाच्या दुकानात उभी असताना, दोन-चारदा. हा माणूस गेला तर मी कुठे जाऊ? हा विचार करणारी बाई वाईट असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दुसऱ्याच्या नावावरच्या घरात झोपून बघावं. पण त्या विचाराच्या खाली आणखी एक होता आणि तो ती कुणाला सांगू शकत नव्हती. रोज संध्याकाळी अॅप उघडून 'मी आज बरा आहे' असं लिहिताना तिला वाटायचं, या घरातला एक पुरुष अजून बरा आहे.

"वाच," पलंगावरून कुशाबा म्हणाला.

"काय, बाबा?"

"मी काय काय लिहिलंय ते. पहिल्यापासून."

कुशाबाला हे का हवं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या बापाने, बुधाजीने, गावच्या कागदावर अंगठा दिला होता. वर लिहिलेलं दुसऱ्याने वाचून दाखवलं होतं, आणि जमीन गेली तेव्हा कळलं की वाचून दाखवलेलं आणि लिहिलेलं एक नव्हतं. कुशाबा मुंबईत आला, गिरणीत लागला, रात्रशाळेत शिकला. संप फसला, गिरणी गेली, वॉचमन झाला, पण चाळीत एकही बाई अंगठा देणारी राहू दिली नाही. जिन्याखाली बसवून सह्या शिकवल्या. कमळाबाईची सही त्याच जिन्याखाली तयार झाली. आपल्या नावाने दुसऱ्याने बोलायचं नाही, एवढं एकच तो आयुष्यभर सांगत आला होता. आणि त्याच्याच घरात, त्याच्याच उशाशी बसून, त्याच्या नावाने दुसरं कुणीतरी बोलत होतं. गोड बोलत होतं. शुद्ध बोलत होतं.

प्रितीने वाचायला सुरुवात केली. "‘नमस्कार डॉक्टर. आज मला भूक चांगली लागली. वरण-भात आणि उकडलेलं अंडं खाल्लं.’"

"अर्धं अंडं," कुशाबा म्हणाला. "पुढे."

"‘काल मशीनवर पायात गोळे आले, पण मी सहन केलं. सिस्टरने छान काळजी घेतली.’"

"सिस्टर मोबाईल बघत होती. मी बोंबललो तेव्हा आली."

"तसं लिहिलं तर ती पुढच्या वेळी सुई जोरात टोचेल बाबा."

"हे बरोबर केलंस."

"‘मला रोज सकाळी प्रसन्न वाटतं.’"

कुशाबा हसला. हसताना नळी हलली आणि त्याने ती हाताने धरली. "प्रसन्न. हा शब्द मी जन्मात वापरला नाय. बरा माणूस आहे गं हा. ह्याला मशीन दुखत नाय, ह्याला खाज सुटत नाय, रात्री ह्याचा जीव घाबरत नाय. मला भेटला असता तर मी त्याला विचारलं असतं, कसं काय जमतं तुला?"

प्रिती पडदा खाली सरकवत राहिली.

"आता शेवटचं सांग," तो म्हणाला. "टॅक्सीत मी तुला काय बोललो होतो?"

प्रितीने फोन मांडीवर पालथा ठेवला. त्या दिवशी दोघं मशीनवरून परत येत होते. हिंदमाताच्या सिग्नलला टॅक्सी अडकली होती. दुकानांच्या काचेतल्या पुतळ्यांना लग्नाच्या साड्या नेसवल्या होत्या, त्या ती बघत होती. कुशाबा डोळे मिटून बसला होता. तशाच मिटल्या डोळ्यांनी बोलला होता.

"म्हणालात, बस झालं. आता मशीन नको."

"ऐकलं होतंस."

"ऐकलं होतं."

"आन् घरी येऊन लिहिलंस, मनाची तयारी झाली आहे."

"हो."

"तयारी झालीच होती. तू उलटी लिहिलीस."

आता कुठे हर्षवर्धनच्या डोक्यात उजेड पडला. "बाबा, म्हणजे काय? मशीन नको म्हणजे काय?"

"नको म्हणजे नको. ऑपरेशन नको, मशीन नको."

"मशीन बंद केलं तर आठ-पंधरा दिवसांत..."

"मला माहीत आहे. तिथे शेजारच्या खुर्चीवरचे चौघं गेले. मला कुणी मोजायला शिकवायला नको."

खोलीतलं वारं फिरलं. मघाशी प्रितीला फाडून खाणारी दोघं आता तिच्या दोन बाजूंना येऊन बसली. अक्षताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. या घरात लग्न होऊन आल्यापासून असा हात पहिल्यांदा पडत होता.

"प्रिती," हर्षवर्धन हळू आवाजात म्हणाला, "तू लिहून टाक. हो म्हणून. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या नावाने. वयामुळे होतं असं, माणूस निराश होतो. दोन दिवसांनी तेच म्हणतील बरं झालं. उद्या ॲडमिट करू, मी रजा टाकतो."

"मघाशी सस्पेंड करत होतात मला."

"तो विषय वेगळा होता."

"तुमचे सगळे विषय वेगळेच असतात, दादा."

"हट्ट करू नकोस गं," अक्षता रडायला लागली. "मी बोलले ते रागात बोलले. घर तुलाच राहू दे. मी लिहून देते. बाप आहे माझा."

"माझापण आहे," प्रिती म्हणाली.

लिहिलं असतं तर काय झालं असतं, याचा तिने त्या क्षणी पूर्ण हिशेब केला. म्हातारा उद्या निघाला नसता, पण दोन मुलांनी धरून नेला असता. ऑपरेशन झालं असतं. उन्हाळा निघाला असता. कदाचित टॉवरपण बघितला असता त्याने. आणि रोज संध्याकाळी ती लिहीत राहिली असती, मी प्रसन्न आहे. बोटं वळत होती तिची. तेवढी सवय झाली होती त्या माणसाची, जो नव्हता.

"मला कुणी विचारणार आहे का?"

कमळाबाई उठली होती. पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

"विधवा मी होणार. लेक गेला तेव्हा कुणी विचारलं नाही, ते सरकार होतं, आजार होता, समजलं. तुम्ही तर माझ्यासमोर बसलायत. तुम्हीपण टॅक्सीत सुनेला सांगता, मला नाही."

कुशाबाने तिच्याकडे मान वळवली. "चुकलं माझं. आता विचारतो. जाऊ का?"

कमळाबाई त्याच्या उशाशी आली. तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर नळीवरून बाजूला केली, जिथे कातडी लाल झाली होती तिथे फुंकर घातली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "लिही गं हे काय सांगतात ते. त्यांच्या तोंडात आता कुणी आपले शब्द घालू नका."

"आई, तुला कळतंय का तू काय..." हर्षवर्धन म्हणाला.

"बस खाली."

कुशाबा सांगत गेला, प्रिती लिहीत गेली. मध्ये एकदा तिने 'नको'च्या जागी 'इच्छा नाही' लिहिलं, तेव्हा त्याने वाचून घेतलं आणि पुन्हा 'नको' करायला लावलं. शेवटी झालं ते असं :

मी कुशाबा बुधाजी तांबे. मला ऑपरेशन नको. उद्यापासून मशीन पण नको. मी शुद्धीवर आहे, मला कुणी शिकवलेलं नाही. दुखलं तर औषध द्या, बाकी काही करू नका. याआधीचं माझी सून लिहायची. ऑपरेशनचं सोडून ते बहुतेक खरं होतं. तिला कुणी बोलू नये.

"पाठव."

"तुम्ही दाबा, बाबा."

"माझा हात कापतो. उद्या हेच म्हणतील, म्हाताऱ्याचं बोट चुकून लागलं. तू दाब. सगळ्यांदेखत."

तिने दाबलं.

"मारलंस तू त्यांना," अक्षता म्हणाली. ती पर्स घेऊन उठली आणि चप्पल घालताना दारातच खाली बसली. हर्षवर्धन तिला उठवायला गेला आणि तोही तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. निघून गेले असते तर बरं झालं असतं. दोघांनाही जाता येत नव्हतं.

डॉक्टरांचं उत्तर लवकर आलं. प्रितीने ते मोठ्याने वाचलं. 'काका, मी तुमचं म्हणणं समजले. निर्णय तुमचा आहे. तरी एकदा समोरासमोर बोलू. येणं जमत नसेल तर मी घरी येईन. त्रास होऊ नये याची औषधं आजच लिहून देते.' कुशाबाने मान हलवली. "चांगली आहे बाई. घरी येणार म्हणते. लिफ्टचं सांगून ठेव तिला."

दिवे लागायच्या सुमाराला फोन पुन्हा वाजला. डायलिसिस सेंटरचा गुणाजी होता. मशीनच्या आदल्या संध्याकाळी तो सगळ्या पेशंटना फोन करून विचारायचा, येणार ना? प्रिती सवयीने 'हो' म्हणणार होती. तिने फोन कुशाबाच्या हातात दिला.

"हां वहिनी, काकांची उद्या सकाळची शिफ्ट, वेळेवर या," गुणाजी म्हणाला. "आणि चादर आणायची."

"मी नाय येणार."

"कोण बोलतंय?"

"मीच. कुशाबा."

"आवाज ओळखला नाही काका, नेहमी वहिनीच बोलतात. काय झालं, ताप आहे का? दुपारची शिफ्ट देऊ?"

"दुपारची नको. आता कधीच नको. माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. रांगेत असेल कुणीतरी."

गुणाजीच्या मागून मशीनचे आवाज येत होते, कुणीतरी पाणी मागत होतं. मग तो म्हणाला, "ठीक आहे काका. जयभीम."

"जयभीम."

कुशाबाने फोन बंद केला. प्रितीने घ्यायला हात पुढे केला होता. त्याने तो तिला दिला नाही. उशी उचलली, फोन तिच्याखाली सरकवला, आणि त्या उशीवर डोकं ठेवून तो कुशीवर वळला. कमळाबाई त्याच्या पायाशी बसून पाय चेपायला लागली. ते काम रोज प्रिती करायची. प्रितीचा पुढे केलेला हात थोडा वेळ तसाच राहिला. मग ती उठली, भांड्यांचं टोपलं ओढलं, आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला बसली.